आजारी पडायला लावलेला मूग

बेळगावच्या कॉलेजात सरांनी मला स्वतःहून विचारलेला पहिला प्रश्न मुगाबद्दलचा होता. त्याआधीचं दीड वर्ष मी वर्गात फारशी बोललेच नव्हते. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. शहरातल्या कॅम्प भागातून येणाऱ्या मुली इंग्रजीत शंका विचारायच्या, धारवाडकडची मुलं कन्नडमध्ये विचारायची. मी कोगनोळीच्या अलीकडच्या खेड्यातली. मला दोन्ही भाषा समजायच्या, पण तोंड उघडायचं धाडस व्हायचं नाही.

सरांच्या हाताखाली आम्हा काही जणांना प्रकल्प करायचे होते. माझ्या वाट्याला मुगाच्या बारा जाती आल्या. त्यांतली कोणती जात पिवळ्या मोझॅकला तोंड देते ते बघायचं होतं. हा विषाणूचा रोग. पानावर आधी पिवळे ठिपके येतात, मग ते एकमेकांत मिसळतात आणि पान अख्खं हळदीसारखं होतं. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. आमच्या गावात त्याला केवडा पडला म्हणतात.

सरांनी फळ्यावर शेताचा नकाशा काढला. म्हणाले, जाती तपासायच्या तर आधी रोग यायला पाहिजे. तो आलाच नाही तर बाराही जाती चांगल्याच दिसणार. म्हणून तपासायच्या दर दोन ओळींनंतर एक ओळ अशा मुगाची लावतात, ज्याला केवडा हमखास पडतो. माशी तिथं बसते, रोग उचलते आणि शेजारी पसरवते. तिला संसर्ग ओळ म्हणतात.

"इकडच्या भागातला असा मूग कुणाला माहीत आहे काय?" सरांनी विचारलं. त्यांची भाषा कन्नड, पण आमच्याशी ते मराठीत बोलायचे.

मी म्हणाले, "आमच्या घरचा, सर."

"दर वर्षी पिवळा पडतो?"

"दर वर्षी."

"छान," सर म्हणाले. "मग तोच लावू. आणि प्लॉटही तुमच्या शेतातच घेऊ."

ते 'छान' मी दिवसभर मनात घेऊन फिरत होते. मला एखादी गोष्ट माहीत होती आणि ती सरांना हवी होती. दुसरं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

घरचा मूग म्हणजे आईचा मूग. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी नंदगडकडच्या माहेराहून तिनं तो पदराला बांधून आणला होता. दाणा बारीक, रंग जरा मळकट. दर साली थोडा पेरायचा, थोडा खायचा, थोडा राखेत घालून गाडग्यात ठेवायचा, असं वीसेक वर्षं चाललेलं. आमच्या वेदगंगेच्या काठाला आता ऊस आणि सोयाबीनच दिसतं. पण मुगासाठी राखलेला विहिरीजवळचा तुकडा आईनं कधी सोडला नाही. गल्लीतल्या बायका मूठभर बी मागून न्यायच्या आणि सुगीला दीड मूठ परत आणून द्यायच्या. आईनं ते कधी विकलं नाही.

त्या शनिवारी मी घरी गेले आणि सांगितलं, "आई, कॉलेजला आपला मूग पाहिजे."

ती भाकरी थापत होती. हात थांबवून माझ्याकडं बघितलं.

"कशाला?"

"प्रयोगाला."

इथं मी पुढचं सांगायला हवं होतं. मी थांबले. तिच्या तोंडावर जे आलं होतं ते बघून थांबले. तिला वाटलं, कॉलेजनं तिचा मूग निवडला. एका अर्थानं ते खरंच होतं.

"किती पायजे?"

"तीन किलो तरी."

"तेवढंच हाय गाडग्यात." मग म्हणाली, "न्हे सगळं. कॉलेजला पायजे म्हटल्यावर मागं काय ठिवायचं?"

मी म्हणाले, "त्यातलं पावशेर कॉलेजात फ्रीजमध्ये जपून ठेवते आई, नमुना म्हणून." सरांनी तसं सांगितलंच होतं, आणि मी खरंच एका डबीत काढून, चिठ्ठी लावून ते ठेवलंही. आई म्हणाली, "मग तर झालंच की. माझ्या गाडग्यापेक्षा बरं."

माझे वडील, आप्पा, उसाचा ट्रॅक्टर चालवतात. त्यांना सांगितलं की प्लॉटात कोणतंही औषध मारायचं नाही, तर म्हणाले, "औषध न मारता शेती करायला तर मी बिगरशाळेचा शिकलो. तुला त्याच्यासाठी बेळगावला कशाला घातली?" आई त्यांच्यावर खेकसली. दोन दिवसांत तिनं गल्लीभर सांगून टाकलं. शेजारची काकू मला पाणवठ्यावर म्हणाली, "तुझ्या आईचा मूग कॉलेजात गेलाय म्हणं. पास झाला की पेढं दे गं."

मीही हसले.

शिवरात्रीच्या आसपास आम्ही पेरणी केली. उन्हाळी मुगावर माशी जास्त येते, म्हणून तो हंगाम. आईनं दोरी धरली, मी टोकण केली. सरांच्या बारा जातींचं बी पाकिटातून मोजून आणि आईचं बी ओंजळीतून. आई विचारायची, "आपलं इतक्या ठिकाणी कशापायी?" मी सांगितलं, "तुलना करायला." हे खोटं नव्हतं. पण ती त्यातून वेगळं समजत होती आणि मी ते समजू देत होते.

उगवण झाली तेव्हा संसर्ग ओळींत बऱ्याच नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, पडल्या होत्या. लाव्हर पाखरांनी कोंब उकरून खाल्ले होते. सरांचा फोन आला, की संसर्ग ओळ तुटक राहिली तर उपयोग नाही, नांग्या भरून घे. माझ्याकडं घरचं बी उरलं नव्हतं. मी सोमवारी कॉलेजात गेले, फ्रीजमधली डबी काढली आणि पुढच्या शनिवारी तेच पावशेर नांग्यांत लावलं. तेव्हा मला वाटलं, एवढ्या ओळी उभ्या आहेत, यातून बी मिळेलच. आईला सांगायचं राहिलं. खरं लिहायचं तर राहिलं नाही, मी टाळलं. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं की सगळं का लावलं, आणि मग संसर्ग ओळ म्हणजे काय तेही निघालं असतं.

मी शनिवारी यायचे, रविवारी ओळीओळीत बसून पानं बघायचे, एक ते नऊपर्यंत गुण लिहायचे. एक म्हणजे निरोगी, नऊ म्हणजे पूर्ण पिवळं. बाकी सहा दिवस आईच शेतात असायची. पाणी तीच द्यायची, खुरपणी तीच करायची.

तिसऱ्या आठवड्यात केवडा दिसला. अपेक्षेप्रमाणे तो आईच्या ओळींतच आधी दिसला. मी फोटो काढून सरांना पाठवले. सरांचं उत्तर आलं, 'उत्तम.'

आई बांधावर बसली होती. म्हणाली, "आपलंच का गं पयलं?"

"पडतोच की दर वर्षी."

"पडतोय. पर एवढ्या लवकर न्हाय. आणि बाकीचं बघ की कसं हिरवंगार हाय." जरा वेळानं म्हणाली, "राखंत कायतरी चुकलं असंल. औंदा गौऱ्यांची राख न्हवती, उसाच्या चिपाडाची हुती."

"राखेचा काही संबंध नाही आई. माशीमुळं होतं."

"मग माशी माझ्याच ओळीवर का बसतीया?"

मी वहीत डोकं घालून गुण लिहीत राहिले. तिच्या प्रत्येक ओळीपुढं आठ, आठ, नऊ.

पुढच्या आठवड्यात ती ताक आणि हिंगाचं पाणी घेऊन मारायला निघाली होती. मी फोनवरून अडवलं. "काहीच मारायचं नाही, आई. सरांनी सांगितलंय." ती म्हणाली, "बरं." आमची आई मला उलट बोलत नाही. मी कॉलेजात जायला लागल्यापासून तर नाहीच. मी सांगितलं म्हणजे ते बरोबरच असणार, असं तिला वाटतं.

एप्रिलच्या मध्याला सर प्लॉट बघायला येणार ठरलं. मी आईला आधीच्या रविवारी सांगून ठेवलं, की शनिवारी सर येणार, चहाचं बघ. शुक्रवारी माझी परीक्षा होती. म्हणून मी शनिवारी सरांच्याच गाडीतून निपाणीमार्गे गावात पोचले.

प्लॉटात शिरलो आणि मला आधी कळलंच नाही काय झालंय. बाराही जाती उभ्या होत्या, पण मध्ये मध्ये मोकळ्या पट्ट्या होत्या. माती हलकेच सारखी केलेली. एकही पिवळं झाड नव्हतं. शेत इतकं स्वच्छ, हिरवं मी त्या हंगामात बघितलं नव्हतं.

आई बांधावर पदर सावरून उभी होती. इस्तरीचं लुगडं नेसली होती.

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी आईकडं बघितलं.

"मीच उपटलं," आई म्हणाली. तिला वाटत होतं की तिनं चांगलं केलं. "रोगट झालतं सगळं. बाकीच्यास्नी लागण नको म्हणून काढून टाकलं परवा बेस्तरवारी. म्हशीला घातलं. आमचं बी जरा कच्चं निघालं सायेब औंदा, तुमचं मात्र झ्याक हाय."

रोगट झाड उपटून टाकायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दर वर्षी आई दोन-चार जास्त पिवळी झाडं उपटायचीच. मी तिला औषध मारू नको म्हणाले होते. उपटू नको म्हणाले नव्हते.

सर रागावले नाहीत. ते ओळींमधून चालत गेले, दोन ठिकाणी वाकून पानं उलटून बघितली. मग आईजवळ येऊन शांतपणे समजावून सांगू लागले. मला वाटत होतं त्यांनी थांबावं, पण मला थांबवता आलं नाही.

"अक्का, ती झाडं आजारी पडावीत म्हणूनच लावली होती. त्यांच्यावरून रोग दुसऱ्यांवर जातो का, ते बघायचं असतं. तुमचा मूग लवकर पिवळा पडतो म्हणून तर मुलीनं तो सुचवला. आता बाकीची झाडं निरोगी दिसतात ती खरोखर टिकली की रोगच कमी झाला म्हणून वाचली, हे सांगता येणार नाही. असू दे, चूक तुमची नाही."

आईनं सगळं ऐकलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "व्हय सायेब. मला म्हाईत न्हवतं." मग म्हणाली, "च्या घेऊन जावा."

सरांना तिनं चहा दिला, वर लाडू दिला. गाडीपर्यंत सोडायला आली. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

ते गेल्यावर ती परड्यात म्हशीपुढची वैरण सारत बसली. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ऊन अजून उतरलं नव्हतं.

"तू मला सांगायचं हुतंस गं," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर दिलं असतंस?"

"दिलंच असतं की. तुझ्या शिक्षणाला लागणार म्हटल्यावर." तिनं वैरणीची पेंढी सोडली. "मूठभर मागं ठिवून दिलं असतं, एवढंच. आणि रोज बघायला गेलो नसतो. रोज जाऊन बघत हुतो मी. वाटत हुतं, माझ्या बियाणानं तुझी मान खाली जाणार सायबापुढं. म्हणून उपटलं."

ती पुढं म्हणाली, "आणि लवकर पिवळं पडतंय म्हणून सांगितलंस, ते खरं हाय. पर पिवळं पडूनबी शेंगा धरतंय, ते न्हाय सांगितलंस? दरसाली पिवळं पडलं आणि दरसाली आपण आमटी खाल्ली. नायतर वीस वरसं कशाला ठिवलं असतं मी?"

पहिल्या सत्रात सरांनीच शिकवलं होतं, की काही जातींना रोग होतच नाही, आणि काहींना होतो, पण त्या सोसून उत्पन्न देतात. दुसऱ्यांना सहनशील म्हणायचं. मी ती व्याख्या परीक्षेत लिहिली होती, पूर्ण गुण मिळाले होते. आणि घरच्या मुगाची मी फक्त पानं बघितली होती. संसर्ग ओळीच्या शेंगा मोजायच्याच नसतात, म्हणून मी मोजल्या नव्हत्या.

"जाऊ दे," आई म्हणाली. "कॉलेजात हाय न्हवं पावशेर. पुढल्या बारीला त्यातलं मूठभर आण."

तेव्हा मी सांगितलं.

ती रडली नाही. ओरडलीही नाही. उठून आत गेली. मला ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मी खाली बसून म्हशीपुढची वैरण हातानं चाळली. म्हैस पाणी प्यायला विहिरीवर गेली होती. दोन दिवसांत तिनं जवळपास सगळं संपवलं होतं. उकिरड्याच्या कडेला काही वाळलेल्या फांद्या सापडल्या. पानं पिवळी होती, आणि हो, प्रत्येक फांदीला शेंगा होत्या. बारीक, हिरव्या, सुकलेल्या. मी सगळ्या तोडून ओच्यात घेतल्या. आत दाणे पाण्यासारखे होते, धरलेच नव्हते. अजून तीन आठवडे मिळायला हवे होते. त्यातल्या त्यात टपोरे वाटले ते वेगळे काढून सावलीत वाळवले. नंतर ते हॉस्टेलवर नेले, ओल्या टिपकागदात गुंडाळून ठेवले. चौथ्या दिवशी त्यांना बुरशी आली. एकही उगवला नाही.

मी सरांना शेंगांचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "बी कुठं आहे अजून?" मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "शोध." शोधण्यासारखं काही असेल असा त्यांना भरवसा नसावा, पण ते म्हणाले.

मी गल्लीतल्या त्या सगळ्या बायकांकडं गेले ज्यांनी कधी ना कधी आईकडून मूठ नेली होती. कुणी आता सोयाबीनच करत होतं. कुणी म्हणालं, आम्ही गेल्या साली खाऊन संपवला, तुझ्या आईकडं हाय म्हणून ठेवला न्हाय. काकूनं डबे उघडून दाखवले. पेढ्यांची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही. एका रविवारी मी एकटीच बेळगावहून नंदगडची बस धरून मामाकडं गेले. मामा आता बेळगावात कारखान्यात जातो, शेत खंडानं दिलंय. मामीनं जेवू घातलं. म्हणाली, "तो बारका मूग? तो गेला की कवाच. तुझ्या आईकडं हाय न्हवं?"

मी मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, ते तिनं विचारलं नाही.

घरी गेल्यावर आईनं एवढंच विचारलं, "मामी बरी हाय?" मी कशाला गेले होते ते तिला ठाऊक होतं.

आमच्यात भांडण झालं नाही. ती पहिल्यासारखीच बोलत होती, डबा भरून देत होती. फक्त शेतातल्या गोष्टी मला सांगेनाशी झाली. आधी फोनवर आज कुठं पाणी फिरवलं, कुठं काय उगवलं ते सगळं यायचं. आता फोनवर माझी तब्येत, माझं जेवण, माझी परीक्षा. मी विचारलं तर म्हणायची, "हाय सगळं ठीक."

सरांनी प्रयोग पुढच्या हंगामात दुसऱ्या जागी परत घ्यायला लावला. संसर्ग ओळींसाठी त्यांनी धारवाडकडून दुसरं बी आणलं. माझ्या पहिल्या अहवालात साहित्य या सदराखाली मी 'स्थानिक जात, स्वतःच्या शेतातील' असं लिहिलं होतं. ते खोडून तिथं दुसऱ्या बियाणाचा क्रमांक लिहिला. बारापैकी दोन जाती बऱ्या निघाल्या. मला चांगले गुण मिळाले. हे मी आईला फोनवर सांगितलं, तेव्हा तिला खरोखर आनंद झाला. तिच्या आवाजात तो ऐकू आला, आणि मला ते सहन झालं नाही.

पुढच्या वर्षी मृगाच्या आधी मी घरी होते. आई म्हणाली, "निपाणीला चाललीस न्हवं? येताना मूग आण पेरायला."

"कुठला आणू?"

"तुला कळतंय की. तुमच्यातला जो चांगला निघाला तो आण."

दुकानदारानं त्या दोहोंपैकी एका जातीचं पाकीट दिलं. घरी आल्यावर आईनं कात्रीनं कोपरा कापला आणि थोडं बी तळहातावर घेतलं. दाणे एकसारखे, टपोरे, त्यांवर गुलाबी रंगाचा थर. तिनं सवयीनं एक दाणा उचलून दातांखाली धरायला नेला. मी तिचा हात धरला.

"तोंडात घालू नको. औषध लावलंय."

तिनं दाणा परत टाकला. हात लुगड्याला पुसत म्हणाली, "मग चांगलं हाय का न्हाय, कळायचं कसं?"

"पाकिटावर लिहिलेलं असतं."

तिनं पाकीट फिरवून बघितलं. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिनं ते माझ्याकडं दिलं.

"वाच."

मी एकेक ओळ मराठीत करून वाचून दाखवली. जातीचं नाव, उगवणशक्ती, शुद्धता, पिशवीचा क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं, आणि खाण्यासाठी वापरू नये ही सूचना. ती भिंतीला टेकून, अगदी लक्ष देऊन ऐकत होती.

"पिवळं पडल्यावर शेंगा धरतंय का, ते लिवलंय?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली, आणि आम्ही पेरायला गेलो.